आप्पांच्या नावावरची फुंकर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला वाटतं की मी तिच्यापासून काही लपवत नाही, त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर हे ऐकल्यावर माझ्याशी पूर्वीसारखं बोलला असतात का? मला नाही वाटत.

आधी माझ्या किळशीबद्दल सांगायला हवं. मला किळस फार लवकर येते, अगदी लहानपणापासून. दुसऱ्याच्या उष्ट्या ताटाला बोट लागलं तरी मी कोपरापर्यंत हात धुवायचे. साताऱ्याला आमच्या घरी याचं कौतुकच होतं. 'आमच्या पोरीला भारी स्वच्छता लागते,' असं आई आल्यागेल्याला सांगायची. स्वच्छता! काय सोज्वळ नाव मिळालं बघा माझ्या नाक मुरडण्याला. आणि अशा मुलीनं पुढे फिजिओथेरपी शिकून लोकांच्या छात्या तपासायचं काम धरलं. मी त्याला सेवा म्हणायचे. तेव्हा मी बरंच काही म्हणायचे.

शिकून झाल्यावर मी एका डॉक्टर सरांच्या संशोधनात कामाला लागले. आमचं कार्यालय सांगलीत, विश्रामबागेत होतं. कापसाच्या धुळीनं कामगारांची छाती कशी खराब होते आणि ते वेळेत ओळखता येईल का, हा आमच्या सरांच्या अभ्यासाचा विषय. माधवनगरच्या बाजूला एक कारखाना होता, नाव नको. तिथे चिंध्या आणि गिरण्यांतला टाकाऊ कापूस पिंजून पुन्हा कातण्याजोगा करायचे. पिंजणीच्या यंत्रापाशी धूळ इतकी, की माणसांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. माझं काम साधं होतं. कामगाराच्या तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची, त्यानं छातीतला सगळा दम लावून फुंकायचं, आणि यंत्र सांगणार की छाती किती चालतेय.

हे करायचं आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, काम सुटताना. कारण या आजाराची खोडच अशी आहे—सुट्टी संपवून माणूस धुळीत परतला की त्या दिवशी छाती आवळते, मग पुढे आठवडाभर जरा सैल पडते. कारखान्यात त्याला 'सुट्टी चढली' म्हणायचे. म्हणजे आळस. आजाराला आळस म्हणू नये, एवढ्यासाठीच तर आम्ही तिथे गेलो होतो!

आणि मालकानं सरांना शब्द दिला होता. ज्यांची फुंकर कमी भरेल त्यांना पिंजणीवरून काढून तयार कापसाच्या गाठी बांधायला लावीन, तिकडे धूळ नाही. औषधपाणी सर बघणार होते. म्हणजे त्या एका फुंकरीवर माणसाचं पुढचं सगळं होतं. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. चांगलं माहीत होतं.

आप्पा पिंजणीवरचे सगळ्यांत जुने. ठेंगणे, वाळलेले, खोकला आला की भिंत धरायचे. त्यांची बायको सुमनमावशी तिथेच चिंध्या निवडायची. आमचा अभ्यास येणार म्हटल्यावर आप्पांना कोण आनंद झाला होता. म्हणायचे, आता यंत्रच सांगेल, मी खोटं बोलत नाही म्हणून.

त्या कारखान्यात एक रिवाज होता. काम सुटताना प्रत्येकानं गुळाचा खडा तोंडात टाकायचा. सांगलीत गुळाला काय तोटा? मालकच ढेप आणून ठेवायचा आणि तिच्यावर माशा घोंगावायच्या. गुळानं घशातली धूळ खाली उतरते, अशी सगळ्यांची खात्री. मी सगळ्यांना बजावलं होतं, फुंकर झाल्याशिवाय गूळ खायचा नाही. पण आप्पा रांगेत शेवटचे उभे राहिले ते गालात भला मोठा खडा धरून. परीक्षेला जाताना दहीसाखर खावी, तसा.

"आवं मॅडम, गुळानं छाती मोकळी हुती," ते म्हणाले. "म्हनलं, फुंकर झ्याक बसंल."

मी वैतागून नळी पुढे केली. त्यांनी ती तोंडात धरली, डोळे मिटून दम लावला—आणि मध्येच उबळ आली. नळीतून, नळीच्या बाजूनं, चिकट तपकिरी लाळ आली. गूळ, थुंकी, त्यात कापसाचे तंतू. ती माझ्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळली. कोमट होती. मी चक्क ओकारी काढून तोंड फिरवलं. त्या माणसाच्या समोर.

काय करायला हवं होतं? चूळ भरायला सांगायची, घटकाभर बसवायचं, नवी नळी द्यायची आणि पुन्हा फुंकर घ्यायची. इतकं सोपं. मी म्हणाले, "झालं आप्पा तुमचं, जा तुम्ही." ते गेले. मी हात धुतले, पुन्हा धुतले, साबण संपेपर्यंत धुतले.

जागा कोरी सोडली असती तर सरांनी पुढच्या सुट्टीनंतर मला पुन्हा त्यांच्यासमोर बसवलं असतं. पुन्हा ते तोंड, पुन्हा ती लाळ. म्हणून—हेच ते—मी तपासणीच्या खोलीचं दार लोटून घेतलं, नवी नळी लावली आणि आप्पांच्या नावावर स्वतः फुंकर मारली. मी उंच, कॉलेजात खो-खो खेळलेली. पुरा दम लावला तर आकडा डोळ्यांत भरेल, म्हणून मी हात राखून फुंकले. बघा, किळस आलेल्या बाईचं डोकं किती शांत चालत होतं! मला माझ्या ओकारीपेक्षा या हिशेबीपणाची जास्त शिसारी येते.

निकाल आला. आप्पांची छाती उत्तम. पिंजणीवरची बाकीची माणसं एकेक करत गाठी बांधायला गेली, आप्पा यंत्रापाशीच राहिले. बिचारे आधी गोंधळले, मग हसले. दम तर लागतोय, पण यंत्र म्हणतंय नाही, मग नसेलच! त्यांनी स्वतःच्या छातीपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.

बाकीच्यांनी मात्र चेष्टा सुरू केली. सुट्टीनंतर आप्पा भिंत धरून उभे राहिले की पोरं म्हणायची, चढली बघा म्हाताऱ्याला सुट्टी. सुमनमावशी तर माझ्यासमोरच त्यांच्यावर खेकसल्या, "मशीन खोटं बोलंल व्हय? सोंगं न्हाईत करायची, कामाला लागा." मी तिथे उभी होते. मी हसले. हो, हसले, कारण न हसणं अवघड वाटलं.

वर्षभरानं दुसरी फेरी झाली. या वेळी मी हातमोजे घातले आणि आप्पांची फुंकर खरीच घेतली. निम्मीसुद्धा भरली नाही. सर चकित झाले. एका वर्षात एवढी घसरण कशी? माझ्या तोंडातून उत्तर लगेच निघालं, जणू तयारच होतं: "सर, ते नीट फुंकतच नाहीत. जोर लावत नाहीत." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं. नीट न फुंकलेली फुंकर अभ्यासात धरत नाहीत. आप्पांची एकमेव खरी फुंकर अशी बाद झाली. वर मी त्यांना रागावलेसुद्धा, आप्पा, जरा मनापासून करत जा म्हणून. त्यांनी मान खाली घातली. "चुकलं मॅडम," म्हणाले.

आता मी साताऱ्यात आहे. माझं स्वतःचं छोटं क्लिनिक आहे, स्वच्छ, फिनाइलचा वास येणारं. गेल्या वर्षी सुमनमावशींचा फोन आला. आमचे नंबर तेव्हा सगळ्यांना दिलेले होते. आप्पा गेले होते. शेवटी शेवटी त्यांना आडवंही होता येत नव्हतं, बसूनच झोपायचे.

मला वाटलं, कळलं हिला. पण मावशींना काही कळलं नव्हतं. त्यांना फक्त विचारायचं होतं.

"मशीन चांगलं म्हनत हुतं की वो. मग दम कशानं लागला?" आणि मग रडू आवरत म्हणाल्या, "म्या त्यास्नी सोंगाड्या म्हनत ऱ्हायले, मॅडम. मरंस्तवर म्हनत ऱ्हायले. त्ये काय बोलायचं न्हाईत, नुसतं बगायचं माज्याकडं. रातीला डोळा लागत न्हाई मला."

एका वाक्यात तिची सुटका होती. ते वाक्य माझ्याकडे होतं, दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं.

मी म्हणाले, "वयामुळं होतं असं. मनाला लावून घेऊ नका, मावशी."

त्या "बरं" म्हणाल्या. फोन मी आधी ठेवला.