ढोल उतरला, झिंग नाही

झिंग म्हणजे दारूची गुंगी, असं मी वर्षानुवर्षं शाळेच्या फळ्यावर लिहीत आलोय.

परवा दुपारी सायखेड्याच्या एसटीत एक माणूस चढला. केसांत गुलाल, डोळे लाल आणि चालताना इतका मागे रेललेला, की बघणाऱ्याचाच तोल जावा. कंडक्टरनं त्याला दारातच अडवलं. "पिऊन आलाय. उतरा खाली."

"गळ्यात माळ हाय माझ्या. सकाळधरनं मिरवणुकीत वाजवतोय."

कंडक्टरनं त्याचं तोंड हुंगलं. बडीशेपेचा वास आला, त्यामुळे संशय वाढलाच. "मग असं का चालता?"

"पाच तास पोटावर ढोल व्हता, साहेब. तो टेम्पोत गेला. झिंग जायला येळ लागतो."

कंडक्टर कुरकुरत दारातून बाजूला झाला. मी नाक मुरडून खिडकीकडे सरकलो. तो शेजारी बसला आणि पुढच्या सीटच्या दांडीवर बोटांनी ठेका धरला. दोन गावं गेली. पाहतो तर माझा पाय हलत होता.

त्याच्या थांब्यावर तो तसाच रेलत उतरला. बस सोडायला दोन घंट्या द्यायच्या, तर कंडक्टरनं दोरी ओढून अख्खा ठेकाच वाजवला.

ड्रायव्हरनं वळून विचारलं, "पिऊन आलास का रे?"