हरणाऱ्याने उठायचं

मुलगा अकरावीला नागपूरला गेला आणि त्याच्या जेवणाखाणासाठी बायकोही गेली. माझी नोकरी सेलूला. महिन्यातून एकदा मी त्यांच्याकडे जायचो. उरलेले रविवार काढायचे कसे, म्हणून शाळेची एक खोली मागून घेतली आणि मुलांना बुद्धिबळ शिकवू लागलो. नव्वदच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट.

चौदा मुलं, दोन पट, वेळ आठ ते अकरा. नियम एकच: हरणाऱ्याने उठायचं, जिंकणाऱ्याने बसून राहायचं. आमच्या ऑफिसात दुपारच्या सुट्टीत कॅरम असाच चालायचा, तोच नियम मी इथे आणला. मला तो न्याय्य वाटे. बसलेली मुलं उठणाऱ्याला चिडवत, "चाल, ऊठ! तुही एसटी लागली!" मीही हसायचो.

त्यांत एका शिक्षकाची अकरा वर्षांची मुलगी होती. ती आली की एक पट तिचाच. मी कौतुकाने तिच्याच मागे उभा राहायचो.

दिवाळीनंतर मुलं सात झाली, मग चार. मला आकडे लिहून ठेवायची सवय आहे, म्हणून जुनी वही काढली. एका रविवारी अठरा डाव झाले होते. त्यांतले नऊ तिने खेळले होते. पाच मुलांना एकेकच डाव मिळाला होता. एक डाव वीस मिनिटांचा धरला, तर ती मुलं एकशे साठ मिनिटं भिंतीशी उभी होती. हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि वाचलं मात्र नव्हतं.

त्या पाचांपैकी एकाच्या घरी गेलो. वडिलांचं किराणा दुकान, पोरगा ओट्यावर बसलेला.

"काऊन रे, येत नाई आता?"

"काका, तिथं उभंच राहा लागते."

"तू हरत होता ना पण?"

"हो. मंग हरणाऱ्यानं शिकावं कधी?"

त्याच आठवड्यात आणखी पाच पट आणले. नियम बदलला: पहिले दोन तास सगळ्यांनी सारखे डाव खेळायचे, शेवटचा तास त्या मुलीला माझ्यासोबत. हुशार मुलाला जास्त वेळ द्यावाच, पण तो शिकवणाऱ्याने आपल्या वेळातून द्यावा, दुसऱ्या मुलांच्या डावांतून नाही. हे घरोघर जाऊन सांगितलं. "येतो काका," सगळे म्हणाले. तोवर त्यांचं क्रिकेट जमलं होतं; माझ्याकडे उरलेली तिघंही तिकडेच गेली.

पुढे ती आणि मी, दोघंच. संक्रांतीपर्यंत ती मला सहज हरवू लागली.

एकदा डाव अर्धा टाकून म्हणाली, "काका, तुम्ही घोडा काढला की पुढचं सारं मले ठाऊक राह्यते. त्या पोराइले बोलवा ना. ते कायबी खेळत, मजा येत होती."

"बोलवाले गेलतो. नाई येत."

"मंग मी कोणासंग खेळू?"

मी सोंगट्या पुन्हा मांडल्या. ती आणखी दोन रविवार आली, बहुतेक माझ्याकडे पाहून.

त्यानंतरच्या रविवारी मी खोली उघडली, सातही पट मांडले, अकरापर्यंत बसलो आणि एकेक करून उचलले.