हेल्मेट घालून आंघोळ

आता हे तुम्हाला कुठून सांगायला घेऊ? सांगतो, पण हसायचं नाही. आणि आमच्या सुषमासमोर बाथरूमचा विषय काढायचा नाही, कबूल?

मी ठाकुर्लीत राहतो, नोकरी वागळे इस्टेटमध्ये, आणि उरलेला सगळा वेळ पक्षाचा. खुर्च्या लावण्यापासून घोषणा देण्यापर्यंत सगळं केलंय. त्याचं फळ म्हणून यंदा आमच्या नगरसेवकांनी, म्हणजे भाऊंनी, मला बॅनरवर घेतलं! ‘खड्डेमुक्त प्रभाग! शब्द दिला, शब्द पाळला!’ वर भाऊ हे एवढे मोठे, आणि खाली आम्हा कार्यकर्त्यांच्या तोंडांची रांग. त्यात मी! भाच्याच्या लग्नातला फोटो, डोक्याला फेटा, हात जोडलेले. बॅनर नेमका आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर. येता-जाता बघायचो. काय करणार, माणूस आहे!

त्या संध्याकाळीही स्कूटरवरून बघतच येत होतो. बॅनरच्या बरोबर खाली एक खड्डा होता, त्याच्याकडे बघायचं राहिलं.

उताणा पडलो. डोळे उघडले तर वर मीच, हात जोडून हसतोय!

एका रिक्षावाल्याने उचलून दवाखान्यात नेलं. पाय मोडलेला. डॉक्टरांनी विचारलं, “कसं झालं?”

आता सांगा, काय बोलणार? खड्ड्यात पडलो म्हटलं तर विरोधक उद्या माझ्या प्लास्टरचाच बॅनर लावणार. आणि शाखाप्रमुखपदासाठी माझं नाव चाललेलं! घाबरून तोंडातून निघून गेलं, “बाथरूममध्ये घसरलो.”

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “हेल्मेट घालून?”

घरी सुषमाला तेवढं खरं सांगितलं. तिचा पारा चढला. “पक्ष तुमचा, खड्डा त्यांचा, आणि नाव माझ्या बाथरूमचं?”

तिचं काही चुकलं नाही हो. दुसऱ्या दिवसापासून रांगच लागली. शेजारच्या जोशीकाकू लाद्या घासायची पावडर घेऊन आल्या. कल्याणची वहिनी आली ती चपला काढून थेट बाथरूममध्ये गेली, अंगठ्याने लादी घासून बघितली, आणि मग माझी चौकशी केली. सुषमा दिवसातून दोनदा लादी घासायला लागली, ती माझ्याकडे बघत बघत.

आणि मग शहाळी घेऊन भाऊ आले. “विलास, पडलास ते घरात पडलास, हे फार बरं केलंस! बाहेर पडला असतास तर लोकांनी राजकारण केलं असतं.” ते तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांना कल्पना सुचली! ज्येष्ठ नागरिकांना बाथरूमसाठी रबरी मॅटचं मोफत वाटप. रविवारी, चौकात, बॅनरसमोर. “आणि तू स्टेजवर. अनुभव सांगायचा!”

माझी झोप उडाली. दिवसभर पाय वर करून गॅलरीत बसायचो, समोर तो खड्डा. प्रत्येक दुचाकीला मी कठडा घट्ट धरायचो. जोशीकाकू रोज संध्याकाळी नातीला स्कूटीवरून क्लासला न्यायच्या. मी डोळेच मिटून घ्यायचो. एके दिवशी त्यांचं चाक कडेला गेलं, स्कूटी कलली, पोरगी केवढ्यांदा किंचाळली! काकूंनी कसाबसा पाय टेकला म्हणून वाचल्या.

मागून सुषमाचा आवाज आला, “उद्या ती पोरगी पडली, तर तीपण बाथरूममध्येच पडली का हो?”

लाज वाटली. पण खरं सांगायची हिंमत? ती कुठून आणू? म्हटलं, निदान खूण तरी करू. लोक खड्ड्यात झाडाची फांदी रोवतात, पण वॉकर घेऊन झाडावर कसा चढू? मग घरातली स्टीलची बादली उचलली. जाडजूड, लखलखीत, लांबूनही दिसेल अशी. रविवारी पहाटे वॉकर ढकलत गेलो आणि खड्ड्यात ठेवून आलो. कुणी बघितलं नाही. काय हुशार मी!

कार्यक्रमाला भाऊ आले ते ती बादली हातात घेऊनच. लालबुंद झालेले. “आपल्या कार्यक्रमाच्या दिवशी खड्ड्यात बादली! पक्षाची बदनामी! कोण आहे हा गद्दार?” मग बादली फिरवून म्हणाले, “अरे, यावर नाव घातलंय. विलास, वाच रे माईकवर, माझा चष्मा गाडीत राहिला.”

नाव! लग्नातली भांडी! काहीही वाचता आलं असतं हो, भाऊंना कुठे दिसत होतं? एक खोटं नाव जिभेवर आलंसुद्धा. पण पहिल्या रांगेत जोशीकाकू, त्यांच्या मांडीवर ती पोरगी, आणि बाजूला सुषमा.

वाचलं. “चि. विलास यास, लग्नानिमित्त आत्याकडून सप्रेम भेट.”

मग म्हटलं, आता काय राहिलंय? “आणि मी बाथरूममध्ये पडलेलो नाही. मी या खड्ड्यात पडलेलो.”

वाटलं, आता धरणी दुभंगणार. तर जोशीकाकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, “अहो, माहितीये! मी पावडर दिली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी रिक्षावाल्याने सांगितलं सगळ्यांना.”

म्हणजे बघा! अख्ख्या गल्लीला माहीत, आणि लपवणारा मी एकटा! सुषमा उठली, भाऊंच्या हातातून बादली घेतली आणि सगळ्यांसमोर परत खड्ड्यात नेऊन ठेवली. मला एकदम भरून आलं.

शाखाप्रमुखपद अर्थात गेलं. दुसऱ्या दिवशी बॅनरवर माझ्या तोंडावर दुसऱ्याचं तोंड चिकटवलेलं. आणि खड्डा बुजवला! पण इतक्या घाईत, की बादली काढलीच नाही. तिच्यासकट डांबर ओतलं. फक्त कडी तेवढी वर राहिली.

प्लास्टर काढायला सुषमाला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, “तुमच्या बाथरूमचं काहीतरी बघा हो. काल तुमचे भाऊ आलेले पाय मुरगळून. विलासच्या बादलीत अडकलो म्हणाले.”

सुषमाचा चेहरा बघवेना! म्हटलं, आता लपवाछपवी बंद, सरळ खरं सांगायचं. “डॉक्टर, ती बादली बाथरूममध्ये नाही. रस्त्यात आहे.”

“असं होय!” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही आंघोळ रस्त्यात करता? तरीच हेल्मेट!”