दोरीवरचा फ्रॉक

पडदा वर जातो तेव्हा समोर एकच रस्ता. दोन्ही बाजूंना बैठी घरं, वर टळटळीत ऊन. दारांना गंजलेली कुलपं, पायऱ्यांवर गुडघाभर गवत. आणि घरोघरी अंगणातल्या दोरीवर ओले कपडे, पाणी निथळणारे. माणूस सोडाच, चिटपाखरूही नाही.

मी आलो होतो इथलं जुनं नाट्यगृह बघायला. खाण चालू असताना आमच्या नाटक कंपनीचा मुक्काम इथे महिनाभर हलत नसे. आता छप्पर कोसळलं होतं. प्रॉम्प्टरच्या जागी एरंड उगवला होता, पण तोही मला वाक्य सांगेना. परतीच्या बसला अवकाश होता, म्हणून रस्त्याने रमतगमत निघालो आणि ते कपडे बघून थबकलो. कुलूपबंद घरात कपडे कोण धुतं? मनात पहिल्यांदा चोरच आले.

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

मागे साठीची एक बाई उभी होती. कमरेवर बादली, नजर माझ्या बुटांवर. मी नट असल्याचं सांगितलं.

"म्हणजे खोटं बोलणं हाच धंदा," ती म्हणाली.

तिने माझी पिशवी उघडायला लावली. चष्मा, पंचा, पानाचा डबा, सगळं उलटंपालटं करून पाहिलं. बस ऑफिसचा माणूस असा पंचा बाळगत नाही, हे पटल्यावर कुठे ती जराशी बोलती झाली. एकेकाळी अख्ख्या गावाचे कपडे तिच्याकडे धुवायला आणि इस्त्रीला येत. लोक गेले, नको असलेले कपडे मागे टाकून गेले. मागच्या खोलीत नवरा दम्याने खाटेला खिळलेला. त्याला शहरातल्या दवाखान्यात न्यायला हीच एक बस. वस्ती उरली नाही असं बस ऑफिसच्या साहेबाच्या मनात आलं, की ती बंद. म्हणून त्याच्या पाहणीच्या फेरीच्या दिवशी बाई गावभर कपडे वाळत घालायची. लोक कुठे गेले, असं विचारलं तर सगळे कामावर. आज त्याची फेरी होती.

मी हसलो नाही. आयुष्यभर पुठ्ठ्याच्या भिंतींना टेकून मी राजवाडे उभे केलेत. पण नटाची नजर गप्प बसत नाही. समोरच्या दोरीवर एक पिवळा फ्रॉक होता.

"हा दर फेरीला घालता?"

"सगळ्यात आधी तोच. लेकरू दिसलं की साहेब नरमतो."

"किती वर्षं?"

ती बोटांवर मोजू लागली आणि मध्येच थांबली.

"बाई, पोरं वाढतात," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. ती फ्रॉक ओढायला धावली, पण तेवढ्यात जीप येऊन उभीच राहिली. साहेब उतरला. वहीत बघावं तसं दोरीकडे बघत हळूहळू पुढे आला आणि नेमका पिवळ्या फ्रॉकपाशी थांबला. ही मुलगी अजून एवढीच कशी, असं त्याने विचारलं.  बाईच्या घरातून नवऱ्याचा खोकला ऐकू येत होता.

मी समोरच्या घराच्या पायरीवर बसकण मारली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"थोरली केव्हाच मोठी झाली, साहेब. हा धाकटीला उतरलाय. आमच्याकडे विटल्याशिवाय कपडा टाकत नाहीत. हळू बोला, आत झोपलीय."

साहेबाने माझ्याकडे बघितलं. दाराला कुलूप का, असं विचारलं. मी म्हणालो, पोर उठली की उंबरा ओलांडून पळते, म्हणून पुढचं बंद आणि मागचं उघडं. तो कुलपाकडे बघू लागला. एवढ्यात माझी बस आली, वळली, थांबली. झोपलेल्या नातीला टाकून आजोबा बसमध्ये चढणार कसा? मी बसूनच राहिलो. बस गेली. मग साहेब म्हणाला, बस चालू राहील, आणि जीपमध्ये बसला.

धूळ खाली बसेपर्यंत बाई हलली नाही. नंतर आभाराची भाषा नाहीच. माझी पिशवी उचलून तिने पुन्हा एकदा आत हात घालून चाचपली आणि घराकडे चालू लागली. मागे वळून न बघता म्हणाली,

"शुक्रवारी बस आहे, तोवर राहा. पण रात्री तुमच्या खोलीची कडी मी बाहेरून लावणार."