चाळीस फुटांची निलगिरी

गणित शिकवणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं काही नसतं, असा एक समज आहे. लग्नकार्यात मराठीच्या बाईंभोवती घोळका, इतिहासाच्या सरांभोवती घोळका, आणि मी पापडाच्या ताटाजवळ एकटी! अहो, एकदा दहावीला त्रिकोणमिती शिकवून बघा. पोलादपूर तालुक्यात, कापड्याच्या बाजूला आमचं हायस्कूल आहे. तिथे मी चौदा वर्षं फळा पांढरा करतेय. किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो, संताप गिळत गेलं की ते आपोआप साठतात.

यंदा मात्र एका निलगिरीनं हद्द केली. आमच्या पटांगणात ती सरळसोट उभी होती, खालपासून वरपर्यंत वाळलेली. तिच्यापासून पंचावन्न फुटांवर खिचडीची पत्र्याची शेड. पाचवी ते आठवीची पोरं रोज तिथेच जेवायला बसतात. झाड तोडायचं ठरलं होतं. पडलं तर शेडपर्यंत पोचेल का, एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर काढता येणारा धडा माझ्या पुस्तकात होता आणि नेमका तोच मला शिकवू देत नव्हते!

*

आमचे हेडसर महाडहून रोज मोटारसायकलनं येतात आणि येताना एकच सल्ला घेऊन येतात. "बाई, त्रिकोणमिती ऑप्शनला टाका."

"का?"

"पोरांना जड जाते. बाकीच्या धड्यांवर पास होतात ना?"

म्हणजे पोरांना डोंगर जड जातो म्हणून शाळेत येणं ऑप्शनला टाकायचं का? आमची सुगंधा वरच्या धनगरवाड्यावरून तासभर उतरून येते आणि संध्याकाळी तेवढंच चढून जाते. चढ म्हणजे काय ते तिच्या पोटऱ्यांना विचारा. तिला कोन जड जाणार म्हणे! मी तोंडावर "बरं सर" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला.

*

आता पुस्तकाची गंमत ऐका. पहिलंच उदाहरण दीपगृहाचं. एक माणूस दीपगृहावरून जहाज बघतो, तर जहाज किती लांब?

रुपेश म्हणून एक पोरगा आहे, बाप एमआयडीसीत शिफ्टला. तो उठला. "बाई, त्याला घाई कसली हाय? जहाज हिकडंच येतंय ना? येऊ दे की!"

वर्ग हसला. मी चिडले, पण रुपेशवर नाही. आमच्या अर्ध्या वर्गानं दीपगृह चित्रातच पाहिलेलं. दुसरं उदाहरण सपाट मैदानावरच्या मनोऱ्याचं. आमच्याकडे सपाट म्हणजे भाताचं खाचर, नाहीतर शाळेचं पटांगण. मनोरा कुठून आणू?

सुगंधा खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हटलं, "तुझं लक्ष कुठाय गो?"

"बाई, निलगिरीकडं हाय. ती चालंल का?"

न चालायला काय झालं! पुस्तक मिटलं आणि सगळे बाहेर.

*

उंची मोजायचं यंत्र घरीच करता येतं. कोनमापकाला वरून नळी बांधायची, मधून दोरा सोडायचा, दोऱ्याला खडा. नळीतून शेंडा बघायचा, दोरा कुठे थांबला ते वाचायचं, नव्वदातून वजा करायचं, की कोन मिळाला. नळीसाठी स्ट्रॉ मागवायला मी ऑफिसात अर्ज दिला. हसू नका, खरंच दिला! अर्जावर शेरा आला, "थंड पेयांची आवश्यकता काय?"

मी तो कागद घरी नेऊन नवऱ्याला दाखवला. तो इतका हसला की मला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सुगंधानं पपईच्या पानांचे देठ आणले. आतून पोकळ, हलके, हवे तेवढे. अर्ज नाही, शेरा नाही. वर्गात चाळीस देठ आले आणि चाळीस यंत्रं झाली.

*

या मोजणीत सगळी पोरं एकच चूक करतात. नळी डोळ्याला लावलेली असते, म्हणून आलेल्या उत्तरात जमिनीपासून डोळ्यापर्यंतची उंची मिळवावी लागते. ती विसरतात. मी रोज ओरडायची, "डोळे काय जमिनीवर ठेवून आलात का रे?"

एके दिवशी बघते तर रुपेश ध्वजस्तंभासमोर चिखलात पालथा पडलाय. पांढरा शर्ट, चिखल, आणि डोळ्याला देठ.

"अरे, हे काय?"

"डोळे जमिनीवर ठेवलेत, बाई! आता मिळवायला काय नाय!"

तेवढ्यात हेडसर आले. त्यांनी रुपेशकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बाई, हे गणित चाललंय की पोहणं?"

मी म्हटलं, "गणित. आणि त्याचं बरोबर आहे." तेव्हापासून सर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. फार शांततेत गेला तो आठवडा.

*

मग तपासणीला साहेब आले. आल्याआल्या विचारलं, "साइन तीस किती?"

वर्ग एका सुरात, "एक छेद दोन!"

"वा! कॉस साठ?"

"एक छेद दोन!"

"उत्कृष्ट!" साहेब वहीत लिहायला लागले. सुगंधानं हात वर केला. "साहेब, दोन्ही सारखंच कसं काय येतंय?"

साहेबांचं पेन थांबलं. खरं सांगते, असा प्रश्न चौदा वर्षांत मला तीनदा आला असेल. तिची पाठ थोपटायला हवी होती. साहेब म्हणाले, "पाठ आहे ना? मग झालं. जास्त खोलात जायचं नाही."

हेडसरांनी मान डोलावली. मी डस्टर इतक्या जोरात आपटला की साहेबांच्या चष्म्यावर खडू उडाला. त्याबद्दल मी माफी मागितली. प्रश्नाबद्दल सुगंधानं मागू नये, असं तिला नंतर बाहेर बोलावून सांगितलं.

*

एवढ्यात झाड तोडायला वरंधकडचा एक ठेकेदार ठरला. तो पटांगणात आला, कमरेवर हात ठेवले, वर पाहिलं आणि एक डोळा मिटला. "चाळीस फूट. लय झालं."

"चाळीस," सरांनी लिहून घेतलं. "शेड पंचावन्नावर. प्रश्नच मिटला."

इकडे माझ्या वर्गाची मोजणी झालेली होती. सुगंधा मागे मागे सरकत गेली. दोरा पंचेचाळीस अंशावर आला तिथे थांबली. तिथून झाडापर्यंत टेप लावला, तर अठ्ठावन्न फूट. पंचेचाळीस अंशाला लांबी तेवढीच उंची. त्यात तिच्या डोळ्याची उंची साडेचार फूट. एकूण साडेबासष्ट! खात्रीसाठी आणखी मागे जाऊन तीस अंशानं मोजलं, तरी तेच.

मी तो कागद घेऊन ऑफिसात गेले. "सर, झाड शेडवर येऊ शकतं. रविवारी तोडा."

"ठेकेदाराला रविवारी एमआयडीसीत काम आहे."

"मग तोडायच्या दिवशी पोरांना वर्गात जेवू द्या."

"शेडमध्ये जेवतानाचा फोटो रोज अ‍ॅपवर टाकावा लागतो, बाई. आणि तो माणूस वीस वर्षं झाडं तोडतोय. तुमची पोरगी पंधरा वर्षांची आहे."

"पण मोजलंय तिनं! त्यानं नुसता डोळा मिटला!"

"बाई," सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "म्हणूनच म्हणत होतो, ऑप्शनला टाका."

मी कागद तसाच घेऊन बाहेर आले. पन्नास-साठ पोरं त्या पत्र्याखाली बसतात हो! त्यांत सुगंधाचा भाऊही, पाचवीतला.

सुगंधानं दाराबाहेरून सगळं ऐकलं होतं. कबड्डीच्या मैदानाची फक्की खेळाच्या खोलीत असते. तिनं घमेलं भरलं, झाडाला साडेबासष्ट फुटांची दोरी बांधली, आणि दुसऱ्या टोकाला फक्की टाकत पटांगणभर एक मोठं वर्तुळ काढलं. ती पांढरी रेघ शेडच्या मधूनच गेली.

*

तोडायचा दिवस. दुपारची सुट्टी झाली, खिचडी शिजली. शिजवणाऱ्या नंदाताई दुसरी पास. टॅन नाही, साइन नाही. त्यांनी रेघ पाहिली आणि पातेलं उचललं.

"नंदाताई, कुठे चाललात?" हेडसर ओरडले. "फोटो घ्यायचाय!"

"पोरीनं रेघ मारली हाय. मी आत एकपण पोर बसवणार नाय."

"अहो, ठेकेदार चाळीस म्हणतोय!"

"मंग त्याला बसवा आत!"

पातेलं पुढे, पोरांची रांग मागे, सगळे रेघेच्या बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. ठेकेदार रस्त्याच्या बाजूला दोर ओढत होता. झाड रस्त्याकडे झुकलं, दोर तुटला, झाड बुंध्यावर फिरलं आणि धाडकन शेडवर आलं. पत्रे चेपले, खांब वाकला, आतला, कुठल्या वारी काय शिजणार ते लिहायचा फळा दोन तुकडे. धूळ खाली बसली. मग सुगंधाचा भाऊ व्हरांड्यातून म्हणाला, "नंदाताई, अजून वाढा ना."

मी मटकन पायरीवर बसले. रडले की काय ते आठवत नाही. रुपेश म्हणतो, रडले.

हेडसर शेडपाशी गेले. पत्र्यांतून वाकून शेंडा शोधला, रेघ शोधली, टेप मागवला. बराच वेळ खाली वाकून मोजत होते. मग सरळ झाले आणि माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर समाधान!

"बघा बाई! शेंडा रेघेच्या आत पडलाय. दीड फूट चुकलं तुमचं गणित!"

माझ्या तोंडात काय आलं होतं ते इथे लिहिता येणार नाही. मी उठलेच होते, पण सुगंधा माझ्या आधी पुढे झाली. सरांच्या हातातून टेप घेतला, पटांगण ओलांडून झाडाच्या मुळाशी गेली. तिथे करवतीनं कापलेला बुंधा जमिनीतून वर उभा होता. तिनं टेप जमिनीला टेकवला, बुंध्याच्या कापापर्यंत ओढला, आणि तिथूनच ओरडून सांगितलं,

"दीड फूट, सर. एवढं अजून उभंच हाय."