धुतलेलं इंजिन

‘खाली. खालीच उभी राय. पायरीले पाय नको लावू.’

मी खालीच उभी होते. तरी दुकानातला शेटजी म्हणाला. गेल्या वेळीही म्हणाला होता.

मी पैसे पायरीच्या कडेला ठेवले. त्यानं आधी तांब्यातलं पाणी त्यांच्यावर शिंपडलं, मग उचलले. मग कागदाची पुडी वरून माझ्याकडे फेकली. मी ओंजळ केली होती, पण पुडी फुटली. चार चाकं. लोखंडाची, रुपयाएवढी. दोन हातात आली, एक पायाशी पडलं, एक नालीत गेलं.

दुकानात रेंजर साहेबांचा मुलगा बाकावर बसून विमानाचं खोकं उघडून पाहत होता. त्याच्यासाठी शेटजीनं चहा मागवला होता. तो मुलगा हसला. शेटजीपण हसला.

मी नालीत हात घातला. कोपरापर्यंत. चाक सापडेपर्यंत हात बाहेर काढला नाही. काढला तेव्हा शेटजी म्हणाला, ‘पाय, यायले बरोबर सापडते घानीत.’

तेव्हा मी चौदा-पंधराची असेन. रडले नाही. चाक फ्रॉकला पुसलं. घरी भाऊ वाट पाहत होता.

आम्ही वडसा टेशनाच्या मागं राहायचो, महारांच्या वस्तीत. बाप रेल्वेच्या गँगमध्ये, रुळाला खडी भरायचा. माय विड्या वळायची. माझ्या पाठचा सुकदेव. तीन-चार वर्षांचा असताना तापात त्याचे पाय गेले. वाळलेल्या शेंगा लोंबाव्या तसे लोंबायचे. वस्तीतली पोरं नदीवर, बोरीखाली. हा दारात चटईवर. दारातून रूळ दिसायचे. छोटी लाइन. गोंदियाहून येणारी, चांद्याकडे जाणारी गाडी तो इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचा. ‘बाई, आज दुसरं इंजिन हाये,’ म्हणायचा. मी थोरली म्हणून मला बाई म्हणायचा.

त्यानं इंजिन बनवायला घेतलं. सावरीचं लाकूड बापानं आणून दिलं, हलकं, नखानं कोरता येईल असं. बॉयलरला पुठ्ठ्याची गुंडाळी. चिमणीला बांबूचं पेर. चिकटवायला सरेस मायनं चुलीवर कढवून दिला, घरभर वास. चाकं मात्र हातानं होत नव्हती. लाकडाची केली तर वाकडी जायची. रंग पाहिजे होता. नक्षीची बारीक करवत पाहिजे होती. हे सगळं अख्ख्या वडशात एकाच दुकानात. बाजाराच्या रस्त्यावर, वर पाटी रंगवलेली. शेटजी पाट्या-पेन्सिलीही विकायचा, पण त्याचा खरा जीव नमुन्यांत होता. जहाजाचे, विमानाचे, पुलाचे नमुने. नागपूर-मुंबईहून खोकी मागवायचा. गिऱ्हाईक कोण, तर रेंजरांची, राइस मिलवाल्यांची पोरं. त्यांना हातात काढून द्यायचा. कोणता सांधा कुठं बसतो ते स्वतः जमिनीवर बसून दाखवायचा. त्यालाही ते आवडायचं. मी रस्त्यावरून पाहायची. वाटायचं, आपल्या सुकदेवला एकदा असं कोणी दाखवलं असतं तर.

मला तो करवतीच्या पात्या द्यायचा तर गंजक्या. रंगाची डबी द्यायचा तर साय धरलेली. ‘तुमाले काय करायची चांगली?’ म्हणायचा. मी बोलायची नाही. सामान मिळतंय ना, एवढंच. माझ्या मनात तेव्हा दुसरं काही नव्हतंच. पायरीखाली उभं राहायचं असतं, जसं उन्हात डोकं झाकायचं असतं.

शाळेचे एक मास्तर आमच्या वस्तीत यायचे. आमच्या जातीचे नव्हते. भला माणूस. सुकदेवला शाळेत जाता येत नाही म्हणून घरी येऊन चटईच्या कडेला बसायचे, वाचायला शिकवायचे. आमच्या माठातलं पाणी प्यायचे. एकदा पेपर घेऊन आले आणि वाचून दाखवलं, कायदा झालाय. शिवाशीव पाळेल त्याला शिक्षा. दुकानात, विहिरीवर, हाटेलात. सुकदेवनं ते दोनदा वाचायला लावलं. ‘मास्तर, दुकानात बी?’ ‘दुकानात बी,’ मास्तर हसून आमच्यासारखं बोलले.

इंजिन दिवाळीनंतर पुरं झालं. काळं, वर लाल पट्टा. ढकललं की चाकांबरोबर दांडा मागंपुढं व्हायचा. मास्तर किती वेळ तळहातावर घेऊन पाहत राहिले. म्हणाले, ‘हे दुकानाच्या काचेच्या कपाटात पाहिजे. लोकांनी पाहावं.’ आणि स्वतःच्या हातांनी, धोतराच्या सोग्यात झाकून घेऊन गेले.

मास्तरांच्या हातातून आलं, म्हणून शेटजीनं घेतलं. कोणाचं ते मास्तरांनी सांगितलं नाही. ‘माझ्या एका विद्यार्थ्याचं आहे,’ एवढंच म्हणाले. शेटजी खूश झाला म्हणे. कपाटात जहाजाला मागं सारून इंजिन पुढं ठेवलं. बाजारच्या दिवशी लोक थांबून पाहायचे. शेटजी प्रत्येकाला सांगायचा, नागपुरातसुद्धा असं मिळायचं नाही.

हे मास्तरांनी घरी येऊन सांगितलं आणि सुकदेव मागंच लागला. ‘बाई, मले घेऊन चाल. एकदा काचीतून पाहू दे.’

मी त्याला पाठीवर घेतलं. बाजाराचा दिवस, दुपार. तो हलका होता, पण माझ्या गळ्याला त्यानं असे हात आवळले होते की दम कोंडत होता. दुकानासमोर पोचलो. मास्तर आत उभे होते, कागद घेत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं. हसले.

कपाट रस्त्यावरून दिसायचं. उन्हात काच चमकत होती आणि आत आमचं इंजिन. घरात ते एवढं सुंदर दिसलं नव्हतं.

‘माहं हाये!’ सुकदेव ओरडला. ‘बाई, पाय ना! माहं हाये थे!’

दुकानातली माणसं वळली. शेटजीनं माझ्याकडं पाहिलं, मग पाठीवरच्या पोराकडं, मग मास्तरांकडं.

‘मास्तर, हे यायचं हाये?’

मास्तर कागद चाळत राहिले.

शेटजी चिडला नाही. हेच मला अजून झेपत नाही. तो चिडला असता, इंजिन रस्त्यावर फेकलं असतं, तर मी समजले असते. त्यानं पोऱ्याला हाक मारली, बादली मागवली. फडकं हातावर गुंडाळून इंजिन काढलं, हळू, जपून. म्हणाला, ‘चीज चांगली हाये. धुऊन ठेवतो. मंग बाट नाई.’

आणि बादलीत बुडवलं.

‘शेटजी, पान्यात नको!’ सुकदेव ओरडला. ‘सरेस हाये! सुटते!’

शेटजीनं कपाटातून जहाज काढलं, पूल काढला. फळी पुसली. काच पुसली. निवांत. इंजिन बादलीतच होतं. सुकदेवची हनुवटी माझ्या खांद्यावर होती. तो ओरडायचा थांबला. मग मला माझ्या खांद्यावर ओल लागली.

मी म्हणाले, ‘मास्तर.’ मोठ्यानं म्हणाले.

मास्तरांची पाठ आमच्याकडं होती.

शेटजीनं इंजिन वर काढलं तेव्हा हातात बॉयलरचा लगदा आला. चिमणी पाण्यावर तरंगत होती. चाकं खाली बसली असतील. ‘अरे, सुटलं,’ तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं. त्यानं मागं वळून फळीवरून चाकांची नवी पुडी काढली आणि पायरीवर टाकली.

‘घे. दुसरं बनव म्हना. उचल.’

माझा हात गेला. सवयीचा हात. पाठीवर पोर असताना मी अर्धी वाकले. आणि वाकल्यावर मला ती पुडी दिसली नाही, माझा हातच दिसला. हा हात कोणाचा? कोणी सांगितलं याला, की फेकलं की उचलायचं?

मी सरळ झाले.

‘उचल ना व,’ शेटजी म्हणाला. ‘फुकट देऊन राह्यलो.’

‘नाई उचलत.’

एवढंच बोलले. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाला नाही म्हणाले. मग वळले आणि चालत ठाण्यावर गेले. पाठीवर सुकदेव. तो कुठं चाललो ते विचारतही नव्हता.

ठाण्यातला हवालदार हसला. ‘खेळनं फुटलं तं रपोट?’ मी म्हणाले, खेळणं फुटलं म्हणून नाही. आम्ही हात लावला म्हणून धुतलं. कायदा झालाय. ‘कोनं सांगतलं तुले कायदा?’ मी मास्तरांचं नाव सांगितलं. ते तिथं होते, त्यांनी पाहिलं, हेही सांगितलं. मग त्याचं हसू गेलं. बापाला बोलावलं. बाप कामावरचा, खडीनं माखलेला, दारातच हात जोडून उभा. त्यानं सुकदेवकडं पाहिलं आणि काही न विचारता अंगठा दिला.

पुढच्या आठवड्यात गँगचा मुकादम घरी आला. हातात खोकं. त्याच्यावर चित्र, जहाजाचं, मोठं, शिडांचं. शेटजीनं पाठवलं होतं. हे घ्या आणि रपोट मागं घ्या. मुकादम बापाला हळूच म्हणाला, ‘पाय बा, नोकरी हाये तुही.’

बाप माझ्याकडं पाहत नव्हता. माय विडीची पानं कातरत होती, कातर थांबली. शेवटी बाप म्हणाला, ‘सुकदेवले इचारा. इंजिन त्याचं होतं.’

सुकदेवनं खोकं मांडीवर घेतलं. झाकण काढलं. एकेक तुकडा उचलून पाहिला, उजेडात धरला, जागच्या जागी ठेवला. शिडाचं कापड बोटांत चोळून पाहिलं. असं सामान त्यानं कधी हातात धरलं नव्हतं. मग झाकण लावलं.

‘बाई, वापस नेऊन दे.’

‘तुले नाई पायजे?’

‘पायजे,’ तो म्हणाला. ‘म्हनूनच ने.’

मी दुसऱ्या दिवशी भरबाजारात गेले. पायरीसमोर थांबले नाही. चढले. शेटजी ओरडला, ‘पायरीवर ठेव! पायरीवर!’ मी आत गेले. खोकं गल्ल्याशेजारी ठेवलं. मग हात मोकळाच होता, तर तो गल्ल्याला लावला. बाकाला लावला. कपाटाची काच उघडून जहाजाला लावला, पुलाला लावला, विमानाच्या खोक्यांच्या उतरंडीला वरपासून खालपर्यंत लावला.

‘आता किती पानी टाकसान?’ मी म्हणाले. ‘टाका.’

मी उतरले.

बापाची नोकरी गेली नाही. त्याला दूरच्या गँगवर पाठवलं. महिन्यातून एकदा यायचा.

सुकदेवनं पुन्हा करवत धरली नाही. सावरीचं लाकूड कोपऱ्यात पडून राहिलं. एकदा मी म्हटलं, ‘काऊन नाई बनवत रे बापा?’ तो म्हणाला, ‘हात लावला का ओलं लागते.’ लाकूड कोरडं ठणठणीत होतं.

गाडी आली तरी मान वळवायचा नाही.

पावसाळ्यात त्याला ताप आला. छाती आधीपासून कमजोर होती. पोळ्याच्या आधी गेला. शेटजीनं मारलं असं मी म्हणत नाही. तापानं गेला. पण त्याच्या आधी एक पोर हसायचं थांबलं होतं, आणि ते कोणाच्या तापानं, ते मला माहीत आहे.

केस त्यानंतर निघाली. मी उभी राहिले. जे झालं ते सांगितलं. शेटजीच्या वकिलानं विचारलं, धूळ बसली म्हणून धुतलं असेल की नाही? मी म्हणाले, नाही. त्यानं विचारलं, तुझ्याशिवाय कोणी पाहिलं? मी म्हणाले, माझ्या भावानं. ‘कुठी हाये तो?’ मी म्हणाले, गेला. मग मास्तरांना बोलावलं.

मास्तर म्हणाले, ‘मी कागद निवडत होतो. माझी पाठ होती. मला माहीत नाही.’

केस पडली. बाहेर आवारात मास्तर माझ्याजवळ आले. डोळे लाल. ‘बाई,’ माझ्या भावासारखं म्हणाले, ‘मला या गावात राहायचं आहे. माझीही लेकरं आहेत.’

‘मास्तर,’ मी म्हणाले, ‘तुमी आमच्या माठातलं पानी पेत होते.’

मी निघाले. तेव्हा मला शेटजीचा राग नव्हता आला तेवढा त्यांचा आला. शेटजी पायरीवर होता, मी खाली, ते मला ठाऊक होतं. मास्तर माझ्या बाजूला आहेत असं मी धरून चालले होते. वाट चालता चालता मला कळलं, की बाजूला असणं आणि साक्षीला असणं या दोन गोष्टी आहेत. आमच्या घरी येऊन बसणारे पुष्कळ निघतील. पाठ न फिरवणारा एक पाहिजे होता.

नंतर, माझं लग्न होऊन मी आरमोरीला गेल्यावर, तिथल्या बाजारात एका ढिवराच्या बाईची टोपली ठेकेदाराच्या माणसानं लाथेनं उडवली. शिव्या दिल्या. मासे चिखलात. माझी ओळख ना पाळख. पन्नास माणसं होती, सगळी भाजी पाहू लागली. शिपाई आला आणि विचारलं, कोणी पाहिलं का. नवरा माझा पदर ओढून म्हणाला, ‘चाल, आपल्याले काय करायचं?’

मी पदर सोडवला. पुढं गेले.

‘मी पाह्यलं,’ म्हणाले. ‘माहं नाव लिहा.’