निळ्या शालीच्या बाईचं नाव

डेल्फीन स्विफ्ट क्रेन पाइन रिज या मूळ अमेरिकी लोकांच्या वस्तीवर शाळेची बस चालवते, आणि नव्याने चढणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारते, "तू कुणाचा?" नुसतं बापाचं नाव सांगून भागत नाही. आजा कुठल्या नाल्याकाठचा, आजी कुणाची बहीण, इथवर पोचल्याशिवाय बाई बस हलवत नाही. नदीच्या दोन्ही काठांवरची कितीतरी चुकीची लग्नं तिच्या या चौकशीमुळे वेळीच टळली, असं लोक म्हणतात. ती म्हणते, एक टळायचं राहिलंच. हे म्हणताना ती आपल्या जावयाकडे बघते.

जावई कर्टिस तिच्याच घरी राहतो. सकाळच्या कॉफीपासून दोघांची जी जुंपते ती दिवसभर थांबत नाही. तो म्हणतो, सासूबाईंच्या तोंडाला ब्रेक नाही. ती म्हणते, तुझ्या ट्रकलाही नाही, आधी तो बसव.

एवढी जगाची नाती सोडवणारी बाई, पण तिच्या स्वतःच्या नात्याला मात्र एक गाठ होती. नात शायलीन नऊ वर्षांची झाली. ऑगस्टच्या नाचाच्या मेळ्यात, सगळ्यांसमोर, तिला आपल्या पणजीचं नाव द्यायचं डेल्फीनने ठरवलं होतं: ताशिना तो विन, निळ्या शालीची बाई. त्यासाठी हिवाळाभर बसून तिने निळ्या चांदणीची गोधडी शिवली. नाव हे घराण्याचं असतं. ते वाटेल त्याने उचलून वाटेल त्याला द्यायचं नसतं. आणि नेमका तिथेच नदीपलीकडचा ऑर्विल आयर्न रोड आडवा आला. ते नाव आमच्या घराण्याचं आहे, मैदानात पुकारलं तर मी उठून उभा राहीन, असा त्याने निरोप धाडला.

डेल्फीनपाशी पुरावा काय, तर बापाचा एक शब्द. "निळ्या शालीची बाई माझी आजी," असं तो म्हणायचा. पुढचं सांगायला तो राहिला नाही, ती तेव्हा पाच वर्षांची होती. दुसरी एखादी असती तर दुसरं नाव शोधून मोकळी झाली असती. डेल्फीन त्यातली नव्हे. ज्याच्या घरात नाव अडलंय त्याच्याच घरी ते सुटेल, असं म्हणून तिने सुक्या मांसाचं सूप रांधलं, डबाभर वोजापी, म्हणजे रानफळांची दाट गोड खीर केली, मान म्हणून द्यायला तंबाखूची पुडी घेतली आणि कर्टिसला ट्रक काढायला लावला.

ऑर्विल पाइनच्या फांद्यांच्या मांडवात बसला होता. उमेदीची सगळी वर्षं डेन्व्हरला रेल्वेच्या कारखान्यात काढून म्हातारपणी परतलेला माणूस, त्याचं बोलणंही कारखान्यातल्यासारखं मोजूनमापून. शेजारी त्याची आत्या हेझल चोकचेऱ्या, ती आंबटतुरट रानफळं, निवडत होती. नव्वदीची ही म्हातारी इतकी वर्षं रॅपिड सिटीला लेकीकडे असायची, याच उन्हाळ्यात तिला घरी आणली होती. डेल्फीनने तंबाखू पुढे ठेवली, सूप वाढलं, आणि सगळ्यांचं खाणं होईपर्यंत नावाचा विषय काढला नाही.

मग ऑर्विलने आपली बाजू मांडली. निळ्या शालीच्या बाईला मुलगी एकच, एमा. ती सायलस आयर्न रोडला दिली, तीच ऑर्विलची आजी. डेल्फीनची आजी लूसी त्या घरात वाढली हे खरं, पण ती कुणाची तरी अनाथ पोर, दयेपोटी ठेवून घेतलेली.

"आणि नात्याचं म्हणशील," ऑर्विल म्हणाला, "तर तुझा आजा नोआ दारात आला की ती निळ्या शालीची म्हातारी शाल तोंडावर ओढून मागच्या दाराने निघून जायची. जन्मात त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. माझ्या वडिलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. असला दावा कुणी नातेवाइकाशी धरतं का?"

डेल्फीनच्या हातातला डाव थांबला. ही गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती. पण तिचा चेहरा उजळला, तो बघून कर्टिस सावध झाला.

"ऑर्विल," ती सावकाश म्हणाली, "तुमचा आजा सायलस आला की म्हातारी काय करायची?"

ऑर्विलला ते ठाऊक नव्हतं. डेल्फीन हेझलकडे वळली आणि तोच प्रश्न तिच्या कानाशी मोठ्याने विचारला.

हेझल इतकी हसली की चोकचेऱ्या सांडल्या. "माझ्या बापासमोर? तेच की. शाल तोंडावर आणि पाठ भिंतीकडे. जावयांसमोर दुसरं काय करणार? दोघे जावई एकदम आले की बिचारीला घरात उभं राहायला कोपरा उरत नसे. मी होते ना मधे निरोप्या. 'त्याला सांग, मांस शिजलंय म्हणावं.' तो हातभर अंतरावर, सगळं ऐकतोय, आणि मी आपली सांगतेय."

"मग लूसी?" ऑर्विलने विचारलं.

"लूसी माझ्या आजीच्या बहिणीच्या पोटची. बहीण गेली, पोर हिच्याकडे आली. बहिणीची मुलगी म्हणजे मुलगीच. आपल्यात दुसरा शब्द कुठे आहे रे? डेन्व्हरहून आणलास की काय?"

"मग आजवर बोलली का नाहीस, आत्या?"

"मला कुणी विचारलं?"

ऑर्विल सांडलेल्या चोकचेऱ्या वेचू लागला. सासूने जावयाला दिलेला मान त्याच्या घरात दोन पिढ्या वैर म्हणून सांगितला गेला होता, आणि त्यापायी नदीपलीकडच्या सख्ख्यांना तो परके समजत आला होता. एमा आणि लूसी बहिणी, तेव्हा डेल्फीनचा बाप आणि त्याचा बाप भाऊ ठरत होते. म्हणजे ती त्याची कोण, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"तान्कशी," तो म्हणाला. धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. "वोजापी उरलीय का?"

जगाच्या नात्यांची गणितं सोडवणाऱ्या डेल्फीनला वाडगा भरताना डोळे पुसावे लागले. नव्या भावाला तिने दुप्पट वाढलं.

ऑगस्टमध्ये नाव पुकारलं तेव्हा ऑर्विल खरोखरच उठून उभा राहिला, आणि शायलीनच्या केसांत गरुडाचं पीस बांधायला पुढे आला. निळी गोधडी डेल्फीनने हेझलच्या खांद्यावर पांघरली. नाव दिलं की मानाच्या माणसाला असं देऊन टाकायलाच तर ती शिवली होती.

परतताना कर्टिस नेहमीसारखी बडबड करत होता. त्याने दोनदा काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. आरशात पाहिलं तर सासूबाई शाल तोंडावर ओढून खिडकीकडे वळून बसलेल्या. तो घाबरला.

"माझं काही चुकलं का?"

डेल्फीनने शालीआडून शेजारी बसलेल्या नातीला कोपर मारलं. "त्याला सांग," ती म्हणाली, "जावई बरा मिळालाय म्हणावं. आणि ब्रेक दाब म्हणावं, पुढे गाय आहे."